सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आलंय : ग्रेड बघून पुढे पाठवायचं की आणखी कशावरून?

आरोग्यकक्ष_अंधेरी

नमस्कार मंडळी. कंपनीच्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट लावताना सोनोग्राफीच्या पानावर ‘फॅटी लिव्हर ग्रेड १’ किंवा ‘ग्रेड २’ इतक्यांदा दिसतं की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरूनच जाते. कर्मचाऱ्यांचंही दोनच प्रकारे होतं. काही जण “हे सगळ्यांनाच असतं” म्हणून कागद खणात टाकतात. काही जण घाबरून केमिस्टकडून लिव्हर टॉनिकची बाटली आणतात आणि वरण-भातावरचं तूप बंद करतात. दोन्हीत काहीतरी चुकतंय हे कळतं, पण आरोग्यकक्षात माणशी पाचच मिनिटं मिळतात. त्यात नेमकं काय सांगायचं आणि कोणाला पुढे पाठवायचं, हे ठरवायचं आहे.

नावं काढून तीन नमुने देते.

(क) पुरुष, ५२ वर्षं. उंची १६८ सेंमी, वजन ७९ किलो, कंबर १०१ सेंमी. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, रक्तदाबाची गोळी चालू. लिव्हरचे एन्झाइम एसजीओटी ५८, एसजीपीटी ७६, प्लेटलेट १.८ लाख. सोनोग्राफी : ग्रेड १.

(ख) पुरुष, ३८ वर्षं. उंची १७०, वजन ८४, कंबर ९९. एचबीए१सी ५.५, ट्रायग्लिसराइड १६८. एसजीओटी ३४, एसजीपीटी ७१, प्लेटलेट २.७ लाख. सोनोग्राफी : ग्रेड २.

(ग) स्त्री, ४४ वर्षं. उंची १५५, वजन ५३, कंबर ८४. एचबीए१सी ६.०, एसजीओटी २४, एसजीपीटी २९, प्लेटलेट २.६ लाख. सोनोग्राफी : ग्रेड १. दारू नाही, जेवणात तेलही बेताचं.

सध्याच्या पद्धतीप्रमाणे ग्रेड २ म्हणून (ख) आधी पाठवला जातो आणि (क)ला “वजन कमी करा” एवढंच सांगितलं जातं. हे बरोबर आहे का? आणि या आजाराचा वेग किती असतो?

पाचकरस

क्रम उलटा झालाय. (क)ला आधी पाठवा.

सोनोग्राफीची ग्रेड सांगते लिव्हरमध्ये चरबी साधारण किती आहे. माणसाचं पुढे काय होणार हे ठरतं लिव्हरमध्ये वण किती पडलाय यावर, म्हणजे फायब्रोसिसवर. ग्रेड १च्या लिव्हरमध्ये भरपूर वण असू शकतो आणि ग्रेड ३मध्ये अजिबात नसू शकतो. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे आजार सिरोसिसपर्यंत (वणांनी लिव्हर कडक आणि गाठाळ होणं) गेला की चरबी बऱ्याचदा ओसरते. मग सोनोग्राफीत ग्रेड उतरलेली दिसते आणि घरचे खूश होतात.

आतला प्रवास असा. लिव्हरच्या पेशींपैकी ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब साठले की ते फॅटी लिव्हर. बहुतेक जण याच पायरीवर वर्षानुवर्षं राहतात. काहींच्या पेशी चरबीने बेजार होऊन फुगतात, मरायला लागतात, भोवती सूज येते. याला आजवर नॅश म्हणत आलो. सूज राहिली की लिव्हरमधल्या तारकापेशी जाग्या होतात आणि कोलॅजेन टाकायला लागतात, तोच वण. एफ० म्हणजे वण नाही, एफ१ आणि एफ२मध्ये तो अधूनमधून, एफ३मध्ये एका ठिकाणच्या वणापासून दुसऱ्यापर्यंत पूल बांधले जातात, आणि एफ४ म्हणजे सिरोसिस. नुसती चरबी असेल तर एक पायरी चढायला सरासरी १४ वर्षं लागतात, सूज असेल तर सुमारे ७. सरासरीवर निर्धास्त मात्र राहू नका. काही जण भराभर चढतात आणि त्यांच्यात मधुमेही जास्त असतात. उलट दिशेने जाणंही शक्य असतं. एफ२, एफ३चा वण कमी झालेला बायोप्सीत दिसतो, म्हणून वेळेत पकडण्यात अर्थ आहे.

या सगळ्या काळात दुखत काहीच नाही. फार तर उजव्या बरगडीखाली जडपणा, थकवा. पायावर सूज, जलोदर, रक्ताची उलटी, काळी शी, दिवसा झोप आणि रात्री जाग, ही सिरोसिस बिघडल्याची लक्षणं. तिथवर वाट बघायची नाही.

आता तुमचं पाच मिनिटांचं काम. फिब-४ नावाचा हिशेब करा, लागणारं सगळं तुमच्या कागदावर आहेच. वय गुणिले एसजीओटी, हा वरचा आकडा. प्लेटलेट हजारांत (१.८ लाख म्हणजे १८०) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, हा खालचा. वरच्याला खालच्याने भागा.

(क) : ५२ × ५८ = ३०१६. ७६चं वर्गमूळ ८.७२, गुणिले १८० = १५७०. भागाकार १.९२.

(ख) : ३८ × ३४ = १२९२. ७१चं वर्गमूळ ८.४३, गुणिले २७० = २२७६. भागाकार ०.५७.

(ग) : ४४ × २४ = १०५६. २९चं वर्गमूळ ५.३९, गुणिले २६० = १४०१. भागाकार ०.७५.

१.३च्या खाली असेल तर मोठा वण असण्याची शक्यता कमी. २.६७च्या वर असेल तर थेट लिव्हरच्या डॉक्टरकडे. मधल्यांची फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्यायची. तुमचा (क) या मधल्या गटात आहे. साखर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, रक्तदाब, कंबर असं सगळंच त्याच्या विरोधात आहे आणि प्लेटलेटही खालच्या बाजूला आहेत. लॅबच्या मर्यादेत असल्यामुळे १.८ लाखावर कोणी गोल करत नाही. पण मागच्या चार-पाच वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवा. २.६, २.३, २.०, १.८ असा उतार दिसला तर तो ग्रेडपेक्षा कितीतरी बोलका असतो. वण वाढला की प्लीहेत रक्त तुंबतं आणि प्लेटलेट तिथे अडकतात. दुसरी खूण म्हणजे आधी एसजीपीटी जास्त असायचं आणि आता एसजीओटी त्याच्या पुढे गेलंय.

एसजीपीटी नॉर्मल म्हणजे लिव्हर नॉर्मल, असंही धरू नका. लॅब ४०, ५०, कधी ५५पर्यंत नॉर्मल छापते. निरोगी माणसात ते पुरुषांत साधारण ३३ आणि स्त्रियांत २५च्या खालीच असतं. आणि वण पुढे गेलेल्यांतही एसजीपीटी चक्क मर्यादेत सापडतं.

सोनोवाला_दादर

पाचकरस डॉक्टरांशी सहमत. ग्रेड कशी ठरते हे समजलं तर तिच्यावर किती भार टाकायचा हेही कळेल, म्हणून लिहितो.

लिव्हरची चमक शेजारच्या उजव्या किडनीच्या सालीशी ताडून बघतात. लिव्हर किडनीपेक्षा जास्त पांढरं, पण आतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि मागचा पडदा (श्वासपटल) स्पष्ट, ती ग्रेड १. भिंती पुसट झाल्या की २. मागचा पडदा आणि लिव्हरचा खोलवरचा भाग दिसेनासा झाला की ३. हा नजरेचा अंदाज आहे. मशीनचा गेन (चित्राचा उजेड) वाढवला की लिव्हर उगाच पांढरं दिसतं. किडनी आजारी असेल तर तुलनेचा आधारच जातो. पोटाच्या चरबीचा थर जाड असला की लाटा वाटेतच विरतात. एकाच माणसाची आज ग्रेड १ आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या सेंटरवर ग्रेड २ येणं अगदी शक्य आहे. त्यामुळे “ग्रेड एकने कमी झाली” म्हणून पेढे वाटू नयेत आणि एकने वाढली म्हणून झोपही उडवून घेऊ नये. शिवाय चरबी २०-३० टक्क्यांच्या खाली असेल तर सोनोग्राफीतून ती निसटू शकते.

सोनोग्राफीच्या पानावर ग्रेडशिवाय चार गोष्टी वाचायला शिका : प्लीहेची लांबी, पोर्टल व्हेनची (लिव्हरकडे रक्त नेणारी मोठी शीर) रुंदी, लिव्हरचा पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत, आणि पोटात पाणी. पृष्ठभाग खडबडीत किंवा प्लीहा मोठी लिहिली असेल तर ग्रेड काहीही असो, फाईल वरच्या गठ्ठ्यात.

फायब्रोस्कॅनबद्दल. बरगड्यांच्या मधल्या फटीतून एक हलका धक्का देतात आणि ती लाट लिव्हरमधून किती वेगाने जाते ते मोजतात. लिव्हर जितकं कडक तितका वेग जास्त. कडकपणा किलोपास्कलमध्ये येतो, चरबीचा अंदाज ‘कॅप’ या वेगळ्या आकड्यात. रिपोर्ट हातात आला की किलोपास्कल आधी बघा. लोक कॅप बघतात, कारण तो तीन आकडी असतो आणि भीतीदायक वाटतो.

चुका कुठे होतात? पहिली चूक पोटाची. किमान तीन तास काही खाल्लेलं नको. जेवून आलेल्या माणसाच्या लिव्हरमध्ये रक्त जास्त येतं आणि कडकपणा खोटा वाढतो. दुसरी चूक वेळेची. कावीळ चालू असताना, एसजीपीटी पाचपट वाढलेलं असताना, हृदय कमजोर पडून लिव्हर तुंबलेलं असताना किंवा पित्तनळीत अडथळा असताना केलेली तपासणी वणाची नसतेच. तिसरी प्रोबची. जाड माणसाला मोठा, म्हणजे एक्सएल प्रोब लागतो. तो नसेल तर ‘मापं मिळाली नाहीत’ असा रिपोर्ट येतो, नाहीतर वेडेवाकडे आकडे येतात. अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारून घ्या. रिपोर्टवर दहा वैध मापं आहेत का बघा, आणि आयक्यूआरचं (मापं एकमेकांपासून किती विखुरली) मध्यकाशी (मीडियन) प्रमाण ३० टक्क्यांच्या आत आहे का तेही.

८ किलोपास्कलच्या खाली ठीक. ८ ते १२ म्हणजे लिव्हरच्या डॉक्टरांचं मत हवंच. १२च्या वर म्हणजे वण पुढे गेलाय असं धरूनच पुढची पावलं.

आरोग्यकक्ष_अंधेरी

दोघांचेही आभार. तीनही फाईलवर फिब-४ पेन्सिलने लिहिला. (क)ला फायब्रोस्कॅनची चिठ्ठी देते.

दोन शंका. (ग)चा बीएमआय २२ आहे, मग तिला हे कशामुळे? आणि दारूबद्दल विचारलं की उत्तर येतं, “फक्त शनिवारी.” हे नॉन-अल्कोहोलिकमध्ये, म्हणजे दारूमुळे न झालेल्या फॅटी लिव्हरमध्ये धरायचं का?

पाचकरस

(ग)चं वजन सोडा, कंबर बघा. आपल्याकडच्या बायकांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर कंबर म्हणजे पोटाच्या आत चरबी साठतेय. हातपाय सडपातळ, पोट पुढे, स्नायू कमी, ही भारतीय ठेवण नेहमी दिसते. त्वचेखालची साठवणीची जागा लवकर भरते आणि उरलेली चरबी लिव्हर आणि आतड्यांभोवती जाते. बीएमआयची रेघही आपल्यासाठी २५ऐवजी २३वर ओढतात. वर तिचं एचबीए१सी ६.० आहे, म्हणजे इन्सुलिन आधीच कमी चालतंय.

मूळ दोष हाच, इन्सुलिनचा अवरोध. इन्सुलिन नीट चाललं तर ते अंगावरच्या चरबीला “थांब, रक्तात उतरू नकोस” असं सांगतं. अवरोध आला की ती चरबी चोवीस तास रक्तात झिरपते आणि लिव्हरमध्ये जाऊन बसते. त्यात शरीर जास्त इन्सुलिन तयार करतं आणि तेच इन्सुलिन लिव्हरला साखरेपासून नवी चरबी बनवायला लावतं. फॅटी लिव्हरमधल्या चरबीचा माग काढलेल्या एका अभ्यासात सुमारे ५९ टक्के चरबी अंगावरच्या साठ्यातून आलेली निघाली, २६ टक्के लिव्हरने साखर-पिठापासून स्वतः बनवलेली आणि ताटातल्या तेलतुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के. “तेल कमी खाते तरी कसं” याचं उत्तर यातच आहे.

सडपातळ माणसात आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक घराणं. पीएनपीएलए३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार असेल तर चरबीही जास्त साठते आणि वणही लवकर पडतो. त्याची तपासणी रोजच्या कामात लागत नाही, पण आई-वडील किंवा भावंडांत ‘दारू न पिता सिरोसिस’ असेल तर ते फाईलवर ठळक लिहा. दुसरं, इतर कारणं काढून टाकणं. हेपटायटिस बी आणि सी प्रत्येकाची एकदा करायचीच. थायरॉइड. स्टेरॉइड, टॅमॉक्सिफेन, मेथोट्रेक्सेट, अमिओडॅरोन, व्हॅलप्रोएट यांपैकी गोळ्या चालू आहेत का. चाळिशीच्या आत एन्झाइम वाढलेले असतील तर विल्सन्स आजारासाठी (यात अंगात तांबं साठतं) सेरुलोप्लाझ्मिनची रक्ततपासणी. पीसीओएस आणि जोरजोरात घोरून मध्येच श्वास अडकणं हेही धोक्यात मोडतात आणि दोन्ही विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

नावाचंही सांगून टाकतो. २०२३मध्ये जगभरच्या लिव्हर संघटनांनी ‘नॉन-अल्कोहोलिक’ हा शब्द काढला. आता एमएएसएलडी म्हणतात, म्हणजे चयापचयाशी जोडलेलं फॅटी लिव्हर. लिव्हरमध्ये चरबी आणि पाचांपैकी एक गोष्ट असली की निदान होतं : बीएमआय किंवा कंबर जास्त, साखर जास्त (उपाशीपोटी १०० किंवा एचबीए१सी ५.७पासून), रक्तदाब १३०/८५पासून, ट्रायग्लिसराइड १५०पासून, एचडीएल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० किंवा त्याखाली. रिपोर्टवर जुनं नाव दिसलं तरी आजार तोच.

दारू ग्रॅममध्ये मोजा, ‘कधीकधी’मध्ये नको. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमचा ६० मिलीचा पेग म्हणजे सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे ६०. ६५० मिलीची ५ टक्क्यांची बिअर म्हणजे २५ आणि ८ टक्क्यांची स्ट्राँग म्हणजे जवळजवळ ४१. ‘बिअर तर आहे’ म्हणत दोन स्ट्राँग पिणारा क्वार्टरच्या पुढे गेलेला असतो. पुरुषांत आठवड्याला २१० ग्रॅम आणि स्त्रियांत १४० ओलांडले की तो मिश्र आजार, त्याला वेगळं नाव आहे आणि त्याची वाट जास्त खराब. पण ही रेघ नाव ठरवायला आहे, परवानगी म्हणून नाही. लठ्ठपणा किंवा मधुमेहासोबत थोडी दारूही वण वाढवते, आणि एकाच रात्री क्वार्टर रिचवणं हे आठवड्यात वाटून घेण्यापेक्षा वाईट. फिब-४ १.३च्या वर असलेल्याला सरळ बंद सांगा.

भाकरी_आणि_उसळ

आहाराचं मी लिहिते. ५९-२६-१५ वाचून “मग तेल कितीही चालेल” असा अर्थ कोणी काढू नका. माणशी महिन्याला अर्धा-पाऊण लिटरच्या वर तेल नको, आणि वड्याच्या कढईतलं पुन्हा पुन्हा तापलेलं तर नकोच. पण सुरुवात तेलापासून केली तर फायदा हाती लागत नाही. सुरुवात साखरेपासून करायची.

मुंबईतल्या ऑफिसात साखर ताटातून येत नाही, कपातून येते. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चारदा म्हणजे ३५ ते ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेचं चांगलं ध्येय दिवसाला साधारण २५ ग्रॅमचं आहे, म्हणजे ते चहातच उडालं. ३०० मिली कोल्ड्रिंकमध्ये आणखी तिसेक ग्रॅम. स्टेशनबाहेरचा उसाचा रस आणि ‘आरोग्यासाठी’ म्हणून घेतलेला मोसंबीचा रस यांनाही यात धरा. साखरेतलं अर्धं फ्रुक्टोज जवळपास सगळं लिव्हरमध्येच जातं आणि तिथे त्याला ग्लुकोजसारखा लगाम नसतो, थेट चरबीच्या कारखान्यात. गूळ आणि मध यांनाही हेच लागू. फळ चावून खाल्लं तर चालतं.

दुसरं दुखणं रात्रीचं. नऊ-साडेनऊला लोकलमधून उतरायचं, भूक खवळलेली, दहाला भरपेट भात किंवा चार पोळ्या आणि अकराला आडवं. “लवकर जेवा” हा सल्ला विरारच्या माणसाच्या उपयोगाचा नाही. त्याला सांगायचं, साडेसहा-सातला ऑफिसमध्येच मूठभर फुटाणे, उकडलेलं अंडं किंवा मोडाची उसळ खाऊन घ्या. मग रात्री एक भाकरी, वाटीभर भाजी, वाटीभर आमटी आणि काकडी-टोमॅटो एवढ्यावर भागतं. भात आवडत असेल तर एक वाटी, पण मग पोळी नाही.

उपवासाचं आवर्जून विचारा. संकष्टी, एकादशी, सोमवार. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स आणि गोड चहा. उपवासाच्या दिवशी पिष्ट आणि तेल एरवीपेक्षा जास्त जातं आणि माणसाची समजूत पोटाला विश्रांती दिली अशी असते. वरीचा थोडा भात, ताक, दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर असं केलं तर उपवासही राहतो.

मासे खाणाऱ्यांना बांगडा, तारली चांगले, पण कालवण करून. रव्यात घोळून तव्यावर तेल सोडलं की हिशेब बदलतो.

वजनाचे आकडे. (क)चं ७९ किलो. ५ टक्के म्हणजे ४ किलो उतरले की चरबी कमी व्हायला लागते. ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोला सूज उतरण्याची शक्यता चांगली वाढते. वण मागे हटायचा असेल तर १० टक्के, म्हणजे ८ किलो. आठवड्याला अर्धा ते एक किलो, त्याहून वेगाने नको. क्रॅश डाएटमध्ये अंगावरची चरबी एकदम रक्तात येते, लिव्हरची सूज वाढू शकते आणि पित्ताशयात खडे होतात. (ग)ने आठ किलो उतरवायचे नाहीत. तिच्यासाठी दोन-तीन किलो, कंबर ८०च्या आत आणि स्नायू वाढवणं.

व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा चालीने. शिवाजी पार्कचा कट्टा असो की सोसायटीचं आवार. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंचं काम : खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा, भिंतीला टेकून दंड, रबरी पट्टा. वजनकाटा हलला नाही तरी व्यायामाने लिव्हरमधली चरबी कमी होते. महिनाभरात किलोही उतरला नाही म्हणून सोडणाऱ्यांना हे आवर्जून सांगा. बिनसाखरेची कॉफी पिणाऱ्यांत वण कमी आढळतो. आवडत असेल तर दोन-तीन कप घ्या, औषध म्हणून मात्र सुरू करू नका.

औषधखाना

टॉनिकच्या बाटलीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून.

सिलिमरिन, उर्सो आणि ‘लिव्हर डिटॉक्स’ यांनी फॅटी लिव्हरचा वण कमी होतो असं सिद्ध झालेलं नाही. मेटफॉर्मिन मधुमेहासाठी चांगलं, लिव्हरच्या सुजेवर त्याचा उपयोग दिसलेला नाही. व्हिटॅमिन ई ८०० युनिटचा फायदा बायोप्सीने नॅश ठरलेल्या, मधुमेह नसलेल्या लोकांत दिसला. पण मेंदूतल्या रक्तस्रावाचा आणि पुरुषांत प्रोस्टेटच्या कॅन्सरचा प्रश्न असल्याने ते दुकानातून परस्पर घ्यायचं नाही. ४०० युनिटच्या हिरव्या गोळ्या केसांसाठी म्हणून सर्रास खपतात, तेच हे. पायोग्लिटाझोन सुजेवर चालतं, पण वजन आणि पायावरची सूज वाढवतं आणि हृदय कमजोर असेल तर बाद. सरोग्लिटाझार हे भारतात तयार झालेलं औषध. त्याला आपल्याकडे २०२०मध्ये सिरोसिस नसलेल्या नॅशसाठी परवानगी मिळाली. अमेरिकेत एफ२-एफ३साठी रेझ्मेटिरॉमला मार्च २०२४मध्ये आणि सेमाग्लुटाइडला ऑगस्ट २०२५मध्ये मान्यता मिळाली. ही सगळी वण मोजून झाल्यावरची औषधं आहेत. ‘ग्रेड २’च्या चिठ्ठीवर द्यायची नाहीत.

दोन धोके सांगतो. पहिला, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन परस्पर बंद करणं. “एसजीपीटी वाढलंय, लिव्हरला त्रास नको” म्हणून लोक ती सोडतात. फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन सुरक्षित आहे, आणि या लोकांना सर्वांत जास्त मृत्यू लिव्हरने येत नाही, हृदयविकाराने येतो. बंद करायची वेळ सिरोसिस बिघडल्यावर येते आणि तेही डॉक्टर ठरवतात. दुसरा, काढे आणि गुळवेल. २०२१मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. वाद काहीही असो, एन्झाइम वाढलेले असताना अशी कुठलीही गोष्ट चालू असेल तर ती आधी थांबवा आणि सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करा. जिमची पावडर आणि ‘फॅट बर्नर’ही विचारा. तरुण पोरं ते औषधात धरत नाहीत.

आरोग्यकक्ष_अंधेरी

(क)चा फायब्रोस्कॅन होऊन आला. ९.४ किलोपास्कल, दहा मापं, आयक्यूआर १८ टक्के, रिकाम्या पोटी. खाजगी रुग्णालय परवडणार नाही म्हणतात. शिवाय उरलेल्यांची पुन्हा तपासणी कधी?

पाचकरस

९.४ म्हणजे मधला पट्टा, आणि माप भरवशाचं आहे. केईएम, नायर आणि सायन, तिन्हीकडे पोटविकार विभाग आहे. ओपीडीला जाताना मागच्या पाच वर्षांचे प्लेटलेट आणि एसजीओटी-एसजीपीटी एका कागदावर वर्षवार लिहून न्या, सोबत फायब्रोस्कॅनचा मूळ रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, हेपटायटिस बी आणि सी. तयारीचा एक कागद असेल तर गर्दीतही डॉक्टर दोन मिनिटांत मुद्द्यावर येतात. हेपटायटिस ए आणि बीची लस झालेली नसेल तर तीही विचारा. मधुमेहाच्या गोळ्या निवडतानाही लिव्हरचा विचार होईल, कारण काही औषधं साखर आणि वजन दोन्ही उतरवतात.

फायब्रोस्कॅन १२च्या पुढे असता तर सिरोसिस आहे का ते आधी ठरवावं लागलं असतं. सिरोसिस ठरला की दर सहा महिन्यांनी कॅन्सरसाठी सोनोग्राफी, आणि कडकपणा २०च्या वर किंवा प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असतील तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी दुर्बीण. (क)ला आज यातलं काही लागत नाही.

उरलेल्यांसाठी : मधुमेह किंवा दोन वा जास्त धोके असतील तर फिब-४ वर्षा-दोन वर्षांनी, बाकीच्यांचं दोन-तीन वर्षांनी. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून ग्रेड बघण्यात पैसे घालवायला लावू नका. (ख)ला फिब-४ चांगला आला म्हणून सोडू नका. बीएमआय २९ आणि एसजीपीटी ७१ आहे, त्याचं वजन आत्ता उतरवणं सोपं, दहा वर्षांनी कठीण.

आरोग्यकक्ष_अंधेरी

समजलं. एक्सेलमध्ये सूत्र घातलं, १.३च्या वरची ओळ पिवळी आणि २.६७च्या वरची लाल होईल. यात काही राहिलं का?

पाचकरस

दोन दुरुस्त्या करा. वय ६५च्या पुढे असेल तर १.३ऐवजी २.० धरा. वय सूत्रातच गुणलेलं असल्याने निरोगी म्हातारी माणसंही पिवळी होतील. आणि ३५च्या खाली हा हिशेब भरवशाचा नाही, त्या ओळी रंगवूच नका. तिथे कंबर, एचबीए१सी आणि घराणं बघून फायब्रोस्कॅन ठरवा. प्लेटलेटचा रकानाही तपासा. काही लॅब १.८ लाख लिहितात, काही १८०, काही १८००००. सूत्रात १.८ गेलं तर (क)चा आकडा १९२ येईल आणि १८०००० गेलं तर ०.००२. पहिली चूक लगेच लक्षात येते, दुसरी बिनरंगाच्या ओळीत लपून बसते. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत काढलेल्या प्लेटलेट वापरू नका. पावसाळ्यात ताप येऊन गेला असेल तर महिन्याभराने रक्त पुन्हा घ्या आणि मगच भागाकार करा.